सिंत्राचे राजवाडे आणि देवपट्टणची शिळा



पोर्तुगालमध्ये लिस्बनपासून आगगाडीने चाळीस मिनिटांवर सिंत्रा नावाचं गाव आहे. डोंगरउतारावर वसलेलं, दाट झाडी, वर धुकं, आणि डोंगर संपतो तिथे थेट अटलांटिक समुद्र. १९९५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. लोक तिथे राजवाडे बघायला जातात. लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा मधले चार दिवस काढून आम्ही दोघंही गेलो.

राजवाड्यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण फोटो तुम्ही पाहिलेच असतील. डोंगरमाथ्यावरचा पिवळा-लाल पेना राजवाडा फार जुना नाही. राणीचा नवरा फर्डिनंड याने १८३८ साली तिथला पडका मठ विकत घेतला आणि त्याभोवती आपल्या हौसेने तो उभारला. मला जास्त भावला तो गावातला जुना राजवाडा. त्याच्या मुदपाकखान्यावर दोन पांढरी, शंकूसारखी धुराडी आहेत, प्रत्येकी ३३ मीटर उंच! आत उभं राहून वर पाहिलं की एवढ्या चुली एका वेळी पेटत तेव्हा किती माणसं जेवत असतील, हाच हिशेब डोक्यात सुरू होतो. याच वाड्यातल्या एका खोलीत सहाव्या आफोंसु राजाला त्याच्याच भावाने नऊ वर्षं कोंडून ठेवलं होतं. १६८३ साली तो तिथेच वारला. फेऱ्या मारून मारून त्याने फरशी झिजवली, असं सांगतात.

पण मला लिहायचंय ते निराळ्याच जागेबद्दल. गावातून मोंसेराते राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेन्या व्हेर्द नावाची एक जुनी वाडी लागते. ती खासगी मालकीची आहे, प्रवासी आत जात नाहीत. आमची बस तिच्यापुढून निघून गेली, मला दिसली ती भिंत आणि झाडं. त्या भिंतीआडच्या वाडीत आपल्या सोमनाथची, म्हणजे प्रभास पाटणची, एक संस्कृत शिळा गेलेली आहे.

ही वाडी दों जुआंव द कास्त्रो याची. १५४५ साली तो पोर्तुगीजांचा गव्हर्नर होऊन गोव्याला आला. पुढच्याच वर्षी दीवच्या किल्ल्याला वेढा पडला, त्यात त्याचा तरुण मुलगा फेर्नांव मारला गेला. वेढा उठला, पण किल्ल्याच्या पार चिंधड्या झाल्या होत्या आणि तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे २०,००० पर्दाव कर्ज मागितलं. तारण काय दिलं असेल? आधी त्याच्या मनात मुलाच्या अस्थी होत्या, पण प्रेत उकरून काढण्याच्या अवस्थेत नव्हतं. मग त्याने आपल्या दाढीचे केस कापून गहाण पाठवले. मी बी.कॉम. केलं तेव्हा तारणाचे सगळे प्रकार पाठ केले होते, हा त्यात नव्हता. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत केले. गोव्याच्या आणि आपल्या रायगडातल्या चौलच्या पोर्तुगीज बायकांनी अंगावरचे दागिने देऊ केले, असं त्याचे चरित्रकार लिहितात.

या माणसाच्या निर्लोभीपणाच्या बऱ्याच गोष्टी पोर्तुगालमध्ये सांगतात. पेन्या व्हेर्दमधली फळझाडं काढून त्याने रानटी झाडं लावली. का, तर जमिनीपासून आपल्याला काही मिळकत नको. १५४८ साली तो गोव्यात वारला तेव्हा पेटीत जेमतेम दोन-चार नाणी निघाली, असंही लिहिलेलं आहे. वाचताना आपल्याला परिग्रहपरिमाण व्रताची आठवण होतेच.

आणि याच माणसाच्या आरमाराने दीवच्या लढाईनंतर गुजरातच्या किनाऱ्यावरची गावं जाळली. देवपट्टणची शिळा सिंत्राला पोहोचली ती त्याच्याच काळात, असं मानलं जातं. स्वतःच्या वाडीतलं फळ नको म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या देवळातला दगड चालला. निर्लोभीपणाच्या या कथा मला म्हणूनच अर्ध्या वाटतात. आपल्याकडे अचौर्य आणि अपरिग्रह ही दोन वेगळी व्रतं का सांगितली, हे मला इथे जितकं स्पष्ट कळलं तितकं प्रवचनातही कळलं नव्हतं.

शिळेवर काय आहे तेही ऐका. ती वाघेला राजा सारंगदेवाच्या कारकिर्दीतली, १२८७ सालची प्रशस्ती आहे. वाघेला घराणं आपल्याला परकं नाही. अबूच्या लूणवसहीचे वस्तुपाल-तेजपाल याच घराण्याचे मंत्री. प्रशस्ती मात्र शैव आहे. त्रिपुरांतक नावाचा पाशुपत साधू केदार, प्रयाग, श्रीपर्वत, नर्मदा, आपलं त्र्यंबक, रामेश्वर असं करत देवपट्टणला आला आणि तिथे त्याने पाच देवळं बांधली. त्यांतल्या एकाला आईचं नाव दिलं, एकाला बायकोचं. रोजच्या पूजेचा खर्च कायम चालावा म्हणून काय काय नेमून दिलं तेही त्यावर कोरलेलं आहे. म्हणजे हा नुसता नक्षीचा दगड नव्हे, देवळाचं दानपत्रच. ज्या देवळांसाठी ते लिहिलं त्यांच्यापासून समुद्रापार जाऊन ते बागेत शोभेला लागलं. जेम्स मर्फी नावाच्या वास्तुकाराने त्याची नक्कल करून १७९५ साली आपल्या प्रवासवर्णनात छापली. गीतेचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या चार्ल्स विल्किन्सने त्याचा अर्थ लावला. पुढे ब्यूलर या जर्मन पंडिताने ते नीट प्रसिद्ध केलं.

कास्त्रोच्या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. त्याने एक मठ बांधण्याचा संकल्प केला होता, तो मुलगा आल्व्हारु याने १५६० साली पुरा केला. हा कापुशुशचा मठ सिंत्राच्याच रानात आहे. दगडांच्या कपारीत बांधलेल्या इवल्याशा खोल्या, थंडी-ओल लागू नये म्हणून दारांना आणि छताला बुचाच्या झाडाची साल. दारं इतकी बुटकी की मला, पाच फुटीला, वाकावं लागलं. आमच्या ह्यांनी गुडघे टेकले. एक साधू तर जवळच्या बिळासारख्या गुहेत कित्येक वर्षं राहिला. स्पेनचा दुसरा फिलिप म्हणे, माझ्या राज्यात दोन जागा मोलाच्या, एस्कोरियाल वैभवासाठी आणि हा मठ गरिबीसाठी. १८३४ साली पोर्तुगालने सगळे मठ बंद केले तेव्हा हाही ओस पडला. मी तिथे बराच वेळ बसले. आपले मुनिमहाराज चातुर्मासात उतरतात त्या खोल्यांची शांतता तिथे आहे.

त्याच रस्त्याने पुढे मोंसेराते आहे. फ्रान्सिस कुक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने तो सजवला, आणि बागेत १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातून आलेली एक दगडी कमान उभी केली. मुली तिच्याखाली फोटो काढत होत्या.

शेवटी काबु द रोका, युरोप खंडाचं पश्चिमेचं टोक. १४० मीटर उंच कडा, दीपगृह आणि वारा असा की पदर हातात धरून ठेवावा लागतो.

जाणार असाल तर: गावातल्या प्रसिद्ध मिठाया, त्राव्हसैरु आणि कैजादा, दोन्हींत अंडं असतं, तेव्हा खाकरा आणि दशमी बरोबर घ्या. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार अगदी आरामात सांभाळता येतो. डोंगरावर धुकं पटकन उतरतं, शाल विसरू नका.