दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत

"काका, साले सगळे चोर. मत देऊन काय उपटायचंय?"

मागच्या निवडणुकीच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कट्ट्यावर एका पोराने हे मला तोंडावर सुनावलं. पोरगा पंचविशीतला. मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो. दारूत नाही, गांज्यात नाही, चौदा एप्रिलला सगळ्यांच्या आधी झाडू घेऊन हजर. पण मतदान म्हटलं की थुंकतो.

मी त्याला नेहमीचं भाषण दिलं. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क, पवित्र कर्तव्य वगैरे. त्याने ऐकून घेतलं नि विचारलं, "तुम्ही दरवेळी दिलंय का?"

इथं माझी बोबडी वळली. कारण १९९९ साली मी दिलं नव्हतं.

म्हणून हा लेख. पोराला उत्तर देता देता मलाच आपला मताचा इतिहास पुन्हा चाळावा लागला.

पहिली गोष्ट. मत कुणी आपल्याला ताटात वाढलेलं नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढे मुंबईत बाबासाहेबांची साक्ष झाली. वय २७, सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर. तेव्हा मत कुणाला? ज्याच्याकडे जमीन, घर, कर भरायची ऐपत त्याला. अडाण्याच्या हाती मत कशाला, असं शिकलेले लोक म्हणायचे. बाबासाहेबांचं म्हणणं उलटं होतं. मत मिळाल्यावरच माणूस राजकारण शिकतो. आधी शीक मग मत देऊ म्हणणं म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नको म्हणण्यासारखं. (पोहण्याचा दाखला माझा, मुद्दा त्यांचा.) १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सगळ्या प्रौढ बायापुरुषांना मत मागितलं. पुष्कळ पुढाऱ्यांना तेव्हा ही मागणी वेडेपणाची वाटत होती.

दुसरी गोष्ट. मत मिळताना ते कापलंही गेलं. ऑगस्ट १९३२ च्या निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक स्वतंत्र मतदारसंघातलं, एक सर्वसाधारण. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण ते स्वतंत्र मत गेलं. आपला माणूस निवडायला पुन्हा सगळ्या गावाची मर्जी लागायला लागली. १९४६ साली त्याचा हिशेब दिसला. फेडरेशन जवळजवळ सगळीकडे आपटलं. आपल्या लोकांचा अविश्वास आळशीपणातून आलेला नाही, तो इथून आलाय. त्याला हसणाऱ्याने आधी हे वाचावं.

पोरगा म्हणाला, "म्हंजे मी बरोबर बोलतो."

मी म्हटलं, "निम्मं."

तेवढ्यात कट्ट्याच्या टोकाला तंबाखू मळत बसलेली आजी मधे पडली. तिचं पहिलं मत १९६२ चं. पण तिने सांगितली ती तिच्या सासूची गोष्ट.

"आमची सासू बावन सालाला मत द्यायला गेलती. बाबासायेब स्वतः हुभे. तिच्या हातात दोन कागद दिले. तिला वाटलं, आपल्याला दोन दिले म्हंजे बाबाला दोन द्यायचे. दोन्ही हत्तीच्या पेटीत टाकून आली. मरेपर्यंत सांगायची, म्या बाबाला दोन मतं दिली."

पोरं हसली. मला हसू आलं नाही.

कारण त्या निवडणुकीची रीत मला ठाऊक होती. १९५१-५२ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. उत्तर मुंबई मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण नि एक राखीव, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. पण एका उमेदवाराला एकच देता यायचं. दोन्ही कागद एका पेटीत पडले की एक बाद. १९३७ साली मुंबई इलाख्यात नेमकं उलटं होतं. तेव्हा सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकता यायची. नियम बदलला, तो चाळीचाळीतल्या बायांपर्यंत धड पोचला नाही. त्यात 'दुसरं मत कुजवा' असा प्रचारही त्या निवडणुकीत झाला. हजारो मतं बाद झाली. बाबासाहेब काजरोळकरांकडून साधारण १५ हजार मतांनी हरले. ज्याने घटनेचा मसुदा लिहिला तो माणूस पहिल्याच लोकसभेला पडला. १९५४ ला भंडाऱ्यातही पडले.

सासूबाईचा दुसरा कागद दोघांच्या युतीतल्या समाजवादी उमेदवाराला जायचा होता. तो फुकट गेला. तिच्या मनात काही खोट नव्हती. तिला कुणी नीट बसून सांगितलं नाही, एवढंच. श्रद्धा होती, माहिती नव्हती. आज आपल्या पोरांचं काय झालंय? श्रद्धा गेली, माहिती अजून आलेली नाही.

मग पोरगा म्हणाला, "तर मी नोटा दाबतो. राग तरी दिसंल."

नोटा सुप्रीम कोर्टाच्या निकालाने २०१३ साली आला. पण विधानसभा-लोकसभेला नोटाची मतं कितीही पडली तरी ज्या उमेदवाराला जास्त तो निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता. २७,५०० मतं. निवडून यायचा तो आलाच, नि आरामात आला. एवढी माणसं कशावर रागावली होती, ते त्या बटणावरून कुणाला कळलं नाही.

राग दाखवायचाच तर १९७४ आठवा. दक्षिण-मध्य मुंबईची पोटनिवडणूक. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीला सभा, तिथून दंगल, पोलिसांच्या लाठ्यागोळ्या. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगडधोंडे पडले, त्यात भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे आल्या. सत्तेला कळलं की ही मतं गृहीत धरता येत नाहीत. बहिष्कार म्हणतात तो हा. मागणी होती, सभा होती, संघटना होती. मतदानाच्या दिवशी पंखा लावून झोपलं तर त्याला बहिष्कार म्हणत नाहीत. दोन्हीत मत पडत नाही, पण एकाची मोजदाद होते, दुसऱ्याची होत नाही.

पोरगा गप्प. मग म्हणाला, "नि तुमचं नव्व्याण्णव?"

टाळता आलं असतं. पण टाळणाऱ्यांचाच त्याला वीट आलाय. म्हणून सांगितलं. १९९८ ला आपले चार जण लोकसभेत गेले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, उत्तर-मध्य मुंबईतून आठवले, अमरावतीतून गवई, चिमूरमधून कवाडे. चौघंही सर्वसाधारण जागांवरून. काँग्रेसशी समझोता होता, पण आपली एकी नसती तर समझोता कुणी केला नसता. त्या निवडणुकीत मी रात्ररात्र खळीचा डबा घेऊन भिंती रंगवत फिरलो. पुढच्या निवडणुकीपर्यंत एकी फुटली. १९९९ ला मी दार लावून घरात बसलो. म्हटलं, जाऊ द्या चुलीत. त्याने पुढाऱ्यांचं काय गेलं? कुणाच्याही लक्षातसुद्धा आलं नाही. पुढाऱ्यावरचा राग मी माझ्याच मतावर काढला.

आणि एक. मतात काहीच दम नसेल तर ते अडवायला माणसं एवढी जिवावर का उठतात? तामिळनाडूत मेलवलवू गावची पंचायत दलितांसाठी राखीव झाली. निवडून आलेला अध्यक्ष मुरुगेसन नि त्याचे सोबती यांना ३० जून १९९७ ला बस थांबवून कापलं. त्याच मदुराई भागात पाप्पापट्टी, कीरीपट्टी, नाट्टरमंगलम या गावांनी दलित अध्यक्ष नको म्हणून १९९६ पासून दहा वर्षं निवडणूक धड होऊच दिली नाही. मताची किंमत त्यांना बरोबर ठाऊक होती. आपण मात्र ते फुकटचं समजतो.

पोरगा उठला. मला वाटलं गेला. पण परत फिरला नि हळूच बोलला, "मागल्या टायमाला आईला केंद्रावरून परत पाठवलं. यादीत नावच नाही म्हणाले. दीड तास उन्हात हुभी होती. मी भांडलो, तर साहेब म्हणला, बाहेर व्हा."

मग मला उमगलं. 'सगळे चोर' याच्या पोटात हे होतं. वस्ती हलवून बिल्डिंगीत टाकली तेव्हा कित्येकांची नावं यादीतून गेली. त्याची आई त्यांतली एक. मी तासभर इतिहास सांगत बसलो, पण यादीत नाव आहे का, हे विचारलंच नाही.

यादीचा खेळ जुनाच. पहिल्या निवडणुकीला देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार. पण बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच. अशी जवळपास २८ लाख नावं गाळावी लागली. यादीत स्वतःचं नाव असणं हीच बाईमाणसाची पहिली लढाई होती. अजून संपलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगा आईची कागदपत्रं पिशवीत घालून आला. सहा नंबरचा फॉर्म आम्ही दोघांनी भरला. मग बिल्डिंगीतले आणखी अकरा जण निघाले. आठवडाभर आमचा कट्टा म्हणजे कचेरीच झाला. आजी सगळ्यांना दटावायची, "नाव नीट लिवा, आईचं नाव लिवा, बापाचं नुसतं नको."

मित्रहो, आपल्या वस्तीत मतदानाचं भाषण करायच्या आधी एवढं करा. यादी आणा, घरोघर वाचा. कुणाचं नाव गेलंय, कुणी परत पाठवलंय, ते विचारा. शिव्या देतील त्या ऐका. त्या शिवीच्या मागे बहुतेक वेळा एखादी आई उन्हात उभी असते.

शेवटी मी पोराला विचारलं, "मंग यंदा देणार का?"

"सांगत नाही," म्हणाला. "गुप्त मतदान हाय ना, काका?"

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी त्याची आई भेटली. बोट पुढं करून दाखवलं. शाई अजून ओलसर वाटत होती. पोराच्या बोटाकडे मी मुद्दाम बघितलं नाही.