दारू कुठली भरायची? पन्हाळ्याच्या दारूखान्यापासून आजच्या मिरवणुकीपर्यंत

कोल्हापुरात 'दारू' म्हटलं की आता एकच अर्थ डोक्यात येतो. पण दोन-अडीचशे वर्षांपूर्वी याच गावात 'दारू संपली' अशी आरोळी आली असती, तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला असता. तेव्हा दारू म्हणजे बंदुकीची दारू. दारूगोळा, दारूखाना, शोभेची दारू हे शब्द अजून आपल्या तोंडात आहेत, फक्त मूळ वस्तू डोळ्यांसमोरून गेली.

आज हे लिहायचं कारण साधं आहे. शिवजयंती, शिवराज्याभिषेक, दसरा जवळ आला की पेठेतल्या कट्ट्यावर चर्चा रंगते, यंदा जुनी तोफ वाजवायची का, ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा का. मग लगेच दुसरा प्रश्न येतो. भरायचं काय? कुणी म्हणतं काळी दारूच पाहिजे, कुणी म्हणतं फटाक्यातली काढून भरू, काय फरक पडतो? फरक पडतो, मंडळी. लई पडतो. आणि तो आपल्याच इतिहासानं आपल्याला आधी सांगून ठेवलाय.

आधी वस्तू समजून घेऊ. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. त्यात सोऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा, साधारण तीन चतुर्थांश. कोळसा आणि गंधक जळतात, आणि त्यांना जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. म्हणून ही दारू बंद नळीतही जळते. पण तिचा एक गुण महत्त्वाचा. ती दाण्याच्या पृष्ठभागावरून जळत जाते, त्यामुळं दाणा केवढा यावर जळण्याचा वेग ठरतो. तोफेला जाड दाणा, बंदुकीला बारीक, आणि बत्ती लावायच्या जागी सगळ्यात बारीक, ती रंजक. म्हणजे 'कुठली दारू भरायची' हा प्रश्न जुन्या गोलंदाजालाही रोजचाच होता. तोफेची दारू बंदुकीत आणि बंदुकीची तोफेत, असं तो कधी करत नव्हता.

आता कच्चा माल बघा. कोळसा कुठंही मिळतो. गंधक मात्र आपल्याकडं फारसं निघत नाही, ते इराणच्या आखाताकडून जहाजानं यायचं. सोरा देशात व्हायचा, पण मोठा बाजार बिहारात, पाटण्याकडं. प्लासीनंतर लगेच, 1758 मध्ये, कंपनीनं पाटण्याच्या सोऱ्याचा मक्ता आपल्या हातात घेतला. बंगालमधल्या इछापूरला दारूचा कारखाना काढला तो 1787 च्या सुमारास. लढाया तलवारीनं जिंकल्या असं आपण पोवाड्यांतून ऐकतो. पण सोऱ्याच्या बाजाराची नाडी कुणाच्या हातात गेली, हेही त्या हारजितीचं एक कारण आहे.

आपल्या भागाकडं वळू. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा-गोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि इंग्रजांचं निशाण लावून त्यानं गडावर मारा केला. व्यापार करायला आलेल्या माणसानं असं करावं, हे महाराज विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी राजापूरवर धाड पडली आणि इंग्रज कैदेत गेले. जुलै महिन्यात, भर पावसाळ्यात, महाराज पन्हाळ्यावरून निसटले. खिंडीत बाजीप्रभू लढले ते विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत, असं परंपरा सांगते.

या प्रसंगात आपण बाजीप्रभूंना वंदन करतो, करायलाच पाहिजे. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. आषाढातला विशाळगड म्हणजे धुकं, पाऊस, भिंतींना पाझर. अशा गडावर ऐन वेळी तोफेचे आवाज होतात, याचा अर्थ तिथं कुणीतरी दारू कोरडी ठेवली होती. त्या माणसाचं नाव इतिहासात नाही. तोड्याच्या बंदुकीचा तोडा भिजला की विझतो, रंजक ओली झाली की बार होत नाही. पावसात बंदूक म्हणजे नुसती काठी. म्हणून दारू कोरडी ठेवणारा माणूस हाही लढणाराच होता.

त्या माणसानं काय काय करायचं, हे आपल्याकडं लिहून ठेवलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', साधारण 1715-16 चं. रामचंद्रपंत आपल्याच मुलखातले म्हणायला हरकत नाही. गगनबावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याची, समाधी पन्हाळ्यावर. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत होते, पुढं राजाराम महाराजांच्या काळात सगळं राज्य अंगावर घेऊन लढले आणि शेवटी करवीरच्या संभाजीराजांसाठी हे लिहिलं. त्यात गडकोटांच्या प्रकरणात दारूखान्याची शिस्त दिली आहे. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा. आत तळघर करून माच घालावा आणि त्यावर दारूची मडकी ठेवावी, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः यावं, दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावं आणि परत मोहोर करून ठेवावं. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीशिवाय माणूस जवळ फिरकू देऊ नये.

तीनशे वर्षं झाली याला. आजच्या सरकारी नियमांत वेगळं काय आहे? वस्तीपासून अंतर, ओलीपासून बचाव, ठरावीक दिवसांनी तपासणी, नोंद, पहारा. 1884 चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे 2008 चे नियम बघा. ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. भाषा कायद्याची, पण मुद्दे अमात्यांचेच.

पुढं 1844 मध्ये गडकऱ्यांचं बंड झालं. सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. इंग्रजांनी तोफा लावून सामानगड आणि पन्हाळा घेतला आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकला. मग 1857. देशभर भडका उडाला त्याला निमित्त झाली ती ठासणीचीच रायफल, एनफिल्ड. तिचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत मोजलेली दारू आणि गोळी. पुडी दातानं फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून काय झालं ते शाळेत आपण शिकलोय. कोल्हापुरात 31 जुलै 1857 ला 27 व्या पलटणीनं बंड केलं. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत.

त्यानंतर दक्षिणेतल्या या साऱ्या मुलखात हत्यारं गोळा करायचा सपाटा लागला. शेजारच्या मुधोळ संस्थानात हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला आणि जीव दिले. 1878 चा हत्यारांचा कायदा त्याच भीतीतून आला. बंदूक घरात ठेवायला परवाना आणि दारूलाही परवाना. पिढ्यान् पिढ्या दारू हाताळणारी माणसं एका-दोन पिढ्यांत त्या विद्येला मुकली. आज आपल्याला 'काय भरायचं' हे विचारावं लागतं, त्याचं मूळ इथं आहे. तोफ राहिली, बंदूक राहिली, ज्ञान गेलं.

तेवढ्यात जगात दुसरीच क्रांती झाली. 1884 मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू काढली. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर धूर आणि काजळी होऊन उरतो, म्हणून जुन्या लढाईत चार बार झाले की समोरचं दिसायचं नाही. नव्या दारूत धूर नाही आणि ताकद कितीतरी जास्त. बंदुका बदलल्या, नळीचं पोलाद बदललं, काडतुसं पितळेची झाली. ठासणीची बंदूक फौजेतून गेली ती गेलीच.

गेली नाही ती गावातून. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागातल्या शेतकऱ्याला विचारा. रात्रीत डुकरांचा कळप भात लोळवून जातो, गवे उसात शिरतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायची वेगळी तरतूद आहे, हे अनेकांना माहीत नसतं. त्या शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण तो परवाना बंदूक बाळगायचा आहे, दिसेल ते जनावर मारायचा नाही. आणि बिनपरवाना बंदूक, गावठी दारू, डुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब हा रस्ता तर गुरांच्या आणि पोरांच्याही जिवावर उठणारा आहे.

आता पर्यायी दारूचं बघू. अमेरिकेत ठासणीच्या रायफलीनं शिकार आणि नेमबाजी करायचा मोठा नाद आहे. तिथं काळ्या दारूच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर कडक नियम आहेत, म्हणून 1976 च्या सुमारास 'पायरोडेक्स' नावाची पर्यायी दारू बाजारात आली. डॅन पावलक यांनी ती शोधली. तिला पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून ती ठेवायला आणि न्यायला बरी. पण जानेवारी 1977 मध्ये कारखान्यातल्याच आगीत पावलक यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जीव गेला. 'सुरक्षित' म्हणून काढलेली दारू, आणि ती काढणारा माणूस तिच्याच कारखान्यात गेला. या धंद्यात सुरक्षित असं काही नसतं, फक्त कमी धोक्याचं असतं.

शिवाय जो गुण तोच दोष. पेट घ्यायला जास्त उष्णता लागते, म्हणून तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीत पर्यायी दारू धड पेटत नाही. तिथं काळी दारूच लागते. टोपीच्या, म्हणजे केपाच्या बंदुकीत ती चालते. ती काळ्या दारूपेक्षा हलकी असते, म्हणून तिकडं मापानं भरतात, वजनानं नाही. वजनाला वजन भरलं की जास्त भरली जाते. आणि 'हिला काजळी कमी, धुवायची गरज नाही' हा गैरसमज. दोन्हींची काजळी ओल ओढते आणि लोखंड खाते. बार काढला की त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करायची, तेल लावायचं.

हे झालं काळी की पर्यायी याबद्दल. यात चूक झाली तर बार फुसका जाईल, नळी गंजेल. खरा धोका तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायात आहे.

तिसरा पर्याय म्हणजे आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासणीच्या नळीत भरणं. ही दारू जितकी कोंडाल तितकी जोर धरते. जुनी नळी तेवढा दाब सोसायला केलेलीच नाही. ती फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडाजवळ.

चौथा पर्याय आपला देशी, फटाक्यातली दारू. सुतळी बॉम्बमध्ये असते ती काळी दारू नव्हेच. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते, आणि तिचं कामच मुळी एका झटक्यात सगळं फाडायचं. काळी दारू गोळ्याला ढकलते, ही दारू नळीलाच फोडते. दोन्ही काळपट पूडच दिसतात, पण त्यांच्यात भाकरी आणि दगडाएवढा फरक आहे.

आणि तोफ जुनी असेल तर काय भरायचं हा प्रश्नच उरत नाही. दोन-तीनशे पावसाळे खाल्लेलं ओतीव लोखंड बाहेरून धडधाकट दिसतं, आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. पन्हाळा केंद्र सरकारनं संरक्षित केलेला किल्ला आहे आणि जुलै 2025 पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत युनेस्कोच्या यादीत आहे. अशा गडांवरच्या तोफा हा ठेवा आहे, मिरवणुकीचं सामान नाही.

मग सलामी द्यायचीच नाही का? द्यायची की! अंबाबाईच्या नवरात्रात तोफेची सलामी होते, जोतिबाच्या यात्रेत होते. ती आपली परंपरा आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण परवाना घेऊन, पोलिसांना कळवून, जाणकाराच्या हातून, त्या कामासाठीच तपासलेल्या तोफेतून, आणि पोरंठोरं लांब ठेवून. जुनी तोफ फुलं वाहून पुजावी, तिच्या पोटात काही घालू नये. मर्दानी खेळाच्या पथकांना तर बाराची गरजच नाही. दांडपट्टा फिरायला लागला की मिरजकर तिकटीपर्यंत गर्दी आपोआप गोळा होते.

महाराजांच्या नावानं आपण बरंच काही करतो. त्यांच्या राज्यातला दारूखाना मात्र शिस्तीवर चालायचा. दारू मोजलेली असायची, कोरडी असायची आणि जबाबदार माणसाच्या मोहोरेखाली असायची. त्यांच्या जयंतीला एखाद्या पोराचा हात गेला, तर त्याला स्वराज्याची परंपरा कोण म्हणेल?

तुमच्या मंडळात यंदा तोफेचा विषय निघाला तर ही पोस्ट वाचून दाखवा. घरात आजा-पणज्याची ठासणीची बंदूक असेल तर तिचा परवाना आधी बघा. तिच्याबद्दलच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा, फक्त नाव-पत्ता आणि फोटो टाकू नका. माहिती आवडली तर शेअर करा.

मंगळवार पेठ, कोल्हापूर