कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे आपल्याकडे मोठे कौतुक आहे, आणि ते रास्तही आहे. उद्योगधंद्यांच्या इतिहासातही असे मांडे पुष्कळ झाले. मात्र कोंडा कशाला म्हणावयाचे हे कोण ठरवते, आणि मांडा झाल्यावर उरलेला भुसा कोणाच्या अंगणात पडतो, हे दोन प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मेसाबी नावाची टेकड्यांची रांग आहे. तेथील लोखंडाच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात, म्हणून तो आम्ही येथे सांगत आहोत.

आरंभ एडिसनपासून करावा लागतो. विजेच्या दिव्याने जगप्रसिद्ध झालेल्या या संशोधकाने 1890 नंतरच्या दशकात न्यू जर्सीतील ऑग्डेन येथे निकस दगडातून लोखंड काढण्याचा कारखाना चालविला. प्रचंड रुळांमध्ये दगड भरडावयाचा, त्याचे पीठ चुंबकांसमोरून खाली सोडावयाचे, म्हणजे लोखंडाचे कण बाजूला ओढले जात आणि वाळू सरळ खाली पडे. युक्ती बिनतोड होती. पण 1890 मध्येच मेसाबीत उत्तम खनिज सापडले होते. ते इतके मऊ व इतके वरवर होते की, वाफेच्या फावड्याने उचलून थेट आगगाडीच्या डब्यांत भरता येई. या स्वस्ताईपुढे एडिसनचा कारखाना शतक संपता संपता बंद पडला. दगडातील लोखंड कमी झाले नव्हते. भाव उतरला होता.

पुढे मेसाबीवरही तीच पाळी आली. रांगेच्या पश्चिम भागातील खनिजात वाळू फार. ती धुवून काढण्यासाठी 1910 मध्ये कोलरेन गावाजवळ ट्राउट लेकच्या काठी मोठा कारखाना सुरू झाला. धुतलेले खनिज झोतभट्ट्यांकडे गेले. वाळू, आणि तिच्याबरोबर लोखंडाचा बारीक चुरा, गाळाच्या तळ्यांत जाऊन बसला. त्या गाळाकडे त्या काळी कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस यांनी दुसऱ्याच टाकाऊ वस्तूवर दृष्टी ठेवली होती. टॅकोनाइट नावाच्या, पोलादासारख्या कठीण दगडात लोखंड असते शेकडा 25 ते 30. तो दळून चुंबकाने लोखंड वेचण्याच्या खटपटीस ते 1913 च्या सुमारास लागले. बॅबिट येथे 1922 मध्ये निघालेला पहिला कारखाना दोन वर्षांत बसला. तरी डेव्हिस यांनी हट्ट सोडला नाही. जमिनीत पडून असलेल्या खनिजावर दरसाल कर बसत असे. 1941 च्या कायद्याने टॅकोनाइटपुरता तो काढून उत्पादनावर बसविला, आणि निकस दगडात पैसा घालणे परवडू लागले. अखेर 1955 मध्ये सुपीरियर सरोवराच्या काठी सिल्व्हर बे येथे गोळ्या भाजून बाहेर पडू लागल्या. दगडाचे पीठ करून, चुंबकाने वेचून, मातीच्या चिकटीने वळलेल्या या गोळ्यांत लोखंड शेकडा 60 हून अधिक. ओस पडू पाहणाऱ्या गावांत पुन्हा चुली पेटल्या.

पण तीन टन दगडातून गोळ्या निघत एक टन. उरलेले दोन टन पीठ सरोवरात जाई. रोज सुमारे 67,000 टन! 1973 मध्ये डलुथ शहराच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू आढळले. 1974 च्या एप्रिलात न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करविला. दोनच दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने त्या हुकमास स्थगिती दिली. एकीकडे हजारोंची भाकर, दुसरीकडे हजारोंचे पाणी. गाळ सरोवराऐवजी जमिनीवर पडू लागण्यास 1980 साल उजाडले.

आणि त्या जुन्या तळ्यांतील चुरा? तो हेमेटाइट जातीचा. साध्या चुंबकास तो दाद देत नाही. मॅग्नेटेशन नावाच्या कंपनीने तीव्र चुंबकक्षेत्र वापरून 2009 मध्ये कीवाटिन येथे तो वेचण्यास आरंभ केला. आजोबांनी टाकलेला गाळ नातवांनी उपसला. 2011 मध्ये खनिजाचा भाव टनास 180 डॉलरांच्या वर गेला होता. 2015 सरताना तो 40 च्या खाली आला. त्याआधीच, मे महिन्यात, कंपनीने दिवाळे जाहीर केले. एडिसनचीच कथा शतकाहून अधिक काळाने पुन्हा घडली.

ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. गोव्यात डिचोली-सांगे भागात निकस म्हणून टाकलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले. 2000 नंतर चीनची मागणी वाढली, तेव्हा त्याच मातीस गिऱ्हाईक आले. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, आणि पुढे त्या ढिगांचा प्रश्नही न्यायालयापुढे आला. तोवर पावसाळ्यात ढिगांवरची माती शेतांत व नद्यांत उतरतच होती.

दगड टाकाऊ की उपयोगी, हे निसर्ग ठरवीत नाही. त्या वेळचा भाव, त्या वेळची युक्ती आणि त्या वेळचा कायदा ठरवितो. म्हणूनच टाकतानाही ठेव ठेवल्यासारखे टाकावे: कोठे, किती व काय टाकले याची नोंद करून, पाण्यापासून दूर, बांध घालून. मांड्याचे कौतुक अवश्य करावे. पण भुशाचाही हिशेब त्याच वहीत, त्याच दिवशी लिहिला गेला पाहिजे.