पदवीपूर्व विद्यार्थी आणि उन्हाळी संशोधनवृत्ती : अमेरिकेतील एक अध्याय

पदवीपूर्वीच विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या हाताखाली खरे संशोधन करावे, ही कल्पना अमेरिकेत कोणी रुजविली, असे विचारता एडविन लँड यांच्या १९५७ मधील व्याख्यानाकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. पोलरॉइड कॅमेऱ्याच्या या जनकाने स्वतः हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये बोलताना, प्रत्येक विद्यार्थ्यास प्रवेशापासूनच स्वतःचे संशोधन व एक मार्गदर्शक मिळावा, असे त्यांनी प्रतिपादिले. तेथे तशी योजना उभी राहिली ती मात्र १९६९ मध्ये, मार्गारेट मॅक्विकर या तरुण पदार्थविज्ञान-अध्यापिकेच्या खटपटीने. मधली बारा वर्षे लक्षात घेता व्याख्यानाचे श्रेय थोडे आवरते घ्यावे लागते. द्रव्याचे पहिले पाठबळ लँड यांनीच पुरविले, हे अर्थात त्यांच्या पक्षी नोंदविले पाहिजे.

द्रव्याचा मुद्दा गौण नव्हे. अनेक अमेरिकन विद्यार्थी उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या खर्चासाठी मिळेल ते काम करतात. विनावेतन प्रयोगशाळा परवडते ती सधनांच्या मुलांना. नॅशनल सायन्स फाउंडेशनचे अशा विद्यार्थ्यांसाठी असलेले साहाय्य रेगन यांच्या कारकीर्दीच्या आरंभी बंद पडले आणि १९८७ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात किती होतकरू विद्यार्थी प्रयोगशाळेऐवजी दुकानात राबले, हे कोण सांगणार? नव्या योजनेत विद्यार्थ्यास ठराविक वृत्ती मिळते. शिवाय जेथे संशोधनाची सोय नाही अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही यजमान विद्यापीठाने सामावून घ्यावे, अशी अपेक्षा आहे.