लघवीत हरवलेलं एलएसडी

लघवीत नशा उतरते हे माणसाला प्रयोगशाळेच्या फार आधीपासून ठाऊक आहे. श्ट्रालेनबर्ग नावाचा स्वीडिश अधिकारी युद्धकैदी म्हणून सायबेरियात बारा वर्षं राहिला. १७३०मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं कोर्याक लोकांबद्दल लिहिलंय. श्रीमंत लोक मादक अळिंबी उकळून तिचं पाणी प्यायचे. गरिबांना ती परवडायची नाही, मग ते झोपडीबाहेर थांबून पाहुण्यांची लघवी लाकडी भांड्यात धरायचे आणि प्यायचे. किळस येते खरी, पण रसायनशास्त्र चोख होतं: त्या अळिंबीतलं मसिमॉल बऱ्याच प्रमाणात जसंच्या तसं शरीराबाहेर पडतं.

एलएसडीचं नेमकं उलट. आल्बर्ट हॉफमन यांनी १९ एप्रिल १९४३ रोजी बाझलमध्ये स्वतःवर प्रयोग केला तो २५० मायक्रोग्रॅमचा, आणि तोही जास्तच ठरला. समजा कुणी १०० घेतले. यकृत त्यातलं जवळपास सगळं मोडतं, मूळ रूपात लघवीत येतं ते जेमतेम एक टक्का. म्हणजे दीड लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम. माझ्या भाषेत सांगायचं तर दीड अब्ज ओळींच्या लॉगमधली एक ओळ.

ती ओळ शोधायची युक्ती आली मधुमेहाच्या संशोधनातून. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन इन्सुलिन मोजत होते. प्राण्याच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी घ्यायची, किरणोत्सारी खूण लावलेलं इन्सुलिन आणि नमुन्यातलं साधं इन्सुलिन यांना तिच्यावरच्या जागेसाठी भांडू द्यायचं, आणि खूणवालं किती मागे हटलं ते मोजायचं. १९७७मध्ये यालोंना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. हीच युक्ती पुढे एलएसडीवर चालली.

पण अँटिबॉडी फक्त रेणूचा आकार ओळखते, आणि फसते. एलएसडीच्या एका प्रचलित चाचणीला अँब्रोक्सॉलनं चकवल्याची नोंद आहे. हो, तेच, आपल्या खोकल्याच्या सिरपमधलं! म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरनं खात्री करावी लागते. तिथेही एलएसडी काचेला चिकटतं, उजेडात खराब होतं. शेवटी संशोधकांनी मूळ औषधाचा नाद कमी केला आणि यकृतानं त्याचं जे बनवलेलं असतं ते, २-ऑक्सो-३-हायड्रॉक्सी-एलएसडी, शोधायला घेतलं. ते लघवीत कित्येक पटींनी जास्त असतं.

एवढं सगळं साधल्यावर अमेरिकी लष्करानं २००६च्या अखेरीस नेहमीच्या तपासणीतून एलएसडी काढूनच टाकलं. लाखो नमुने तपासून हाती जवळपास काहीच लागत नव्हतं. मग २०१८मध्ये असोसिएटेड प्रेसनं बातमी दिली: वायोमिंगमधल्या वॉरन तळावर, जिथे अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं आहेत, तिथले काही हवाई सैनिक सुट्टीच्या वेळात एलएसडी घेत होते. चौदा जणांवर कारवाई झाली. २०२०मध्ये मरीन कोअरनं ही चाचणी पुन्हा सुरू केली.

आयटीत परदेशी क्लायंटसाठी कधीकधी जी बाटली भरून द्यावी लागते, तिच्यामागे बहुतेक वेळा १९८८ची अमेरिकी सरकारी यादी असते: गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अॅम्फेटामाइन, पीसीपी. एलएसडी तिच्यात नाही. आणि पीसीपीच्या प्राथमिक चाचणीला डेक्स्ट्रोमेथॉर्फन चकवू शकतं. तेही खोकल्याचंच औषध. फॉर्मवर चालू औषधं लिहायचा रकाना असेल, तर तो रिकामा सोडू नका.