ओतीव आणि घडीव

जुनी बिडाची भांडी जमवणारे आधी भांडे उलटे करतात, ठसा शोधतात. ‘डच ओव्हन’ म्हणजे झाकणावरही निखारे ठेवता येतील असे बिडाचे जाड पातेले. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचे पेटंट इंग्लंडात अब्राहम डार्बीने 1707 मध्ये घेतले. पुढे कारखान्यांनी भांड्यावर आपले नाव ओतले, आणि नावाला किंमत आली.

गोंड राजांच्या गढ्यात हा निकष निरुपयोगी. या मुलखात लोखंड काढीत ते आगरिया. मातीची भट्टी, लाकडी कोळसा, पायांनी दाबायचे भाते. त्या भट्टीत लोखंड पातळ होतच नसे. मऊ गोळा निघे, तो ठोकून वस्तू घडे. साचाच नाही, तर नाव कुठे उमटणार? व्हेरिअर एल्विनने 1942 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कारखान्यातल्या स्वस्त लोखंडापुढे या भट्ट्या विझत चालल्या होत्या.

घणाचे चट्टे असलेली प्रत्येक कढई आगरियांचीच असे नव्हे; लोहार विकतचे लोखंडही घडवीत. पण ठसा नाही एवढ्यावरून ती भंगारात वजनावर घालणे, हे मला पटत नाही.