बाळ कमी फिरतंय? सकाळची वाट पाहू नका

सातवा महिना सरला की पोटातल्या बाळाच्या हालचालीकडे रोज लक्ष द्यावं. वारेतून पुरेसं रक्त आणि प्राणवायू मिळत नसेल, तर बाळ ताकद वाचवण्यासाठी हालचाल कमी करतं. म्हणून हालचाल मंदावणं हा कधी कधी धोक्याचा पहिला इशारा असतो.

हालचाल कधी कळते?
साधारण १८ ते २० आठवड्यांत. पहिलटकरणीला थोडं उशिरा. २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

कशी मोजायची?
- प्रत्येक बाळाची सवय वेगळी असते. शेजारणीच्या बाळाशी तुलना नको; आपलं बाळ रोज कधी आणि किती फिरतं ते ओळखा.
- कामाच्या गडबडीत लक्ष राहत नाही. शंका आली की डाव्या कुशीवर निवांत पडा.
- लाथ, ढुशी, वळणं, सरकणं हे सगळं मोजा. उचकी धरू नका.
- दोन तासांत १० हालचाली झाल्या नाहीत, तर लगेच दवाखाना गाठा. हालचाल पूर्ण थांबली असेल, तर मोजत बसू नका, तडक निघा.
- दहा भरल्या, पण नेहमीपेक्षा कमीच वाटतात? तरीही दाखवून या.

हे गैरसमज सोडा
- "दिवस भरले की जागा कमी पडते, बाळ शांत होतं." चूक. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ प्रसूतीपर्यंत फिरत राहतं.
- "झोपलं असेल." पोटातलं बाळ एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटं झोपतं, दीड तासाच्या वर क्वचितच.
- "गोड खा, गार पाणी पी, हलेल." या उपायात वेळ जातो.

कुठे जायचं?
रात्र असली तरी थांबू नका. १०८ किंवा १०२ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा, आशाताईंना कळवा, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. सरकारी दवाखान्यात गरोदर मातेची तपासणी, प्रसूती, सिझेरियन आणि ने-आण मोफत आहे. बाळाचे ठोके तपासायचं मशीन आणि रात्री डॉक्टर जवळ कुठे असतात, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

बाळ फिरतंय की नाही, हे आईलाच आधी कळतं. ती "आज कमी वाटतंय" म्हणाली, तर घरच्यांनी तिला समजावत बसू नये, गाडी काढावी. तपासणीत सगळं ठीक निघालं, तर फेरी वाया गेली असं समजू नका. आणि पुन्हा शंका आली, तर पुन्हा जा.